शंभराचे एकशेदहा: व्याज पाप कुठे, व्यवहार कुठे, आणि का?

खतावणी (धागाकर्ता)

नैतिकता धर्मागणिक बदलते, हे वाक्य दर दुसऱ्या धाग्यावर कुणीतरी टाकतं आणि पुढच्या दहा प्रतिसादांत गाडी कपड्यांवर आणि खाण्यापिण्यावर घसरते. म्हणून इथे एकच कृती घेऊ. अ ने ब ला १०० दिले, वर्षाने ११० घेतले. जबरदस्ती नाही, फसवणूक नाही, दोघेही सज्ञान. यात चुकलं काय?

ढोबळ उत्तरं अशी आहेत. तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ; त्यातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा अध्याय २३) म्हणते, भावाकडून व्याज घेऊ नकोस, परक्याकडून घेतलंस तर चालेल. कुराण (२:२७५) व्यापार हलाल आणि रिबा (व्याज किंवा तसली वाढ) हराम हे एका दमात सांगतं. ख्रिस्ती चर्चने ३२५ च्या नायकीया परिषदेत फक्त धर्मगुरूंना व्याज बंद केलं, ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेत उघड व्याजखाऊंना ख्रिस्ती दफन नाकारलं, आणि १३११-१२ मध्ये व्हिएनला (फ्रान्समधलं, ऑस्ट्रियातलं नव्हे) ‘व्याज पाप नाही’ असा हट्ट धरणाऱ्याला पाखंडी ठरवलं. मनुस्मृती तर थेट दरपत्रकच देते.

ज्याला ज्या परंपरेची माहिती आहे त्याने चार गोष्टी सांगाव्यात: ऋणको कोण, उसनी वस्तू कोणती, मधल्या काळात नुकसान झालं तर कुणाच्या माथी, आणि फेड थकली तर पुढे काय. ‘आमच्यात असं नसतं’ एवढ्यावर थांबू नये, अध्याय-श्लोक द्यावा.

अनुष्टुभ

धर्मशास्त्राचं मी घेतो. मनु ८.१४० मध्ये वसिष्ठाचा दर आहे, दरमहा ऐंशीवा भाग. म्हणजे शेकडा सव्वा, वर्षाला १५. याज्ञवल्क्य (२.३७) हा दर तारण असलेल्या कर्जाचा म्हणून स्पष्ट सांगतो. तारण नसेल तर वर्णक्रमाने ब्राह्मणाकडून दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार, शूद्राकडून पाच टक्के, तेही दरमहा. वर्षाचं गणित करा: २४ पासून ६० पर्यंत. ज्याची ऐपत सर्वांत कमी, त्याच्यावर बोजा सर्वांत जास्त.

कौटिल्य (३.११) वेगळ्या वाटेने जातो. धर्म्य दर सव्वा, व्यापारी दर पाच, रानावनातून माल नेणाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस, सगळं दरमहा शेकडा. समुद्राचा दर म्हणजे वर्षाला २४०. पण इथे दर माणसाच्या जन्मावर ठरत नाही, माल परत येण्याच्या शक्यतेवर ठरतो. एकाच संस्कृतीत, एकाच भाषेत, रास्त म्हणजे काय याची ही दोन मापं शेजारी-शेजारी नांदत होती. ‘हिंदू दृष्टिकोन’ असं एकवचनात बोलणाऱ्यांनी आधी या दोन ग्रंथांची सांगड घालून दाखवावी.

आता दामदुप्पट. ‘कुसीदवृद्धिर्द्वैगुण्यं नात्येति सकृदाहृता’ (मनु ८.१५१). व्याज मुद्दलापेक्षा जास्त साठू द्यायचं नाही. धान्य, फळं, लोकर, ओझ्याची जनावरं यांना मर्यादा पाचपटीची. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. मर्यादा आयुष्यभरात दिलेल्या एकूण व्याजाला नाही, एका वेळी मागता येणाऱ्या थकबाकीला आहे. समजा मुद्दल १,०००. ऋणकोने काही वर्षांत ९०० व्याज वेळच्या वेळी भरलं आणि मग भरणं थांबवलं. आता नवी थकबाकी १,४०० झाली तर धनकोला त्यातले १,००० आणि मुद्दल १,००० मागता येतात, वरचे ४०० बुडाले. आधीचे ९०० या हिशेबात येतच नाहीत. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी हा नियम चालू ठेवला, पण मूळ ऋणको हिंदू असेल तरच. धनकोचा धर्म कोणताही चाले. दावा दाखल झाला की नियम तिथेच थांबे, पुढचं व्याज न्यायालयाच्या मर्जीवर.

काठावरचा

दरपत्रक द्यायचं आणि त्याच ग्रंथात (४.२२०) व्याजबट्टेवाल्याचं अन्न म्हणजे विष्ठा असंही लिहायचं! एकदा काय ते ठरवा की राव.

अनुष्टुभ

@काठावरचा, ठरवलेलंच आहे, फक्त ते कृतीपुरतं नसून कर्त्यापुरतं आहे. १०.११५ मध्ये धनप्राप्तीच्या सात धर्म्य मार्गांत ‘प्रयोग’, म्हणजे पैसा व्याजी लावणं, येतो. १०.११६ मध्ये कुसीद (व्याजाचा धंदा) हे उपजीविकेच्या दहा साधनांत आहे. आणि लगेच १०.११७ सांगतं की ब्राह्मण-क्षत्रियांनी व्याजी देऊ नये. तेच काम वैश्याने केलं तर त्याचा धर्म, ब्राह्मणाने केलं तर पतन. ज्याला ‘कृती चांगली की वाईट’ एवढंच विचारायची सवय आहे त्याला यात विसंगती दिसते. इथे प्रश्नच ‘कुणी केली’ इथून सुरू होतो.

बाकी ‘विहित’ आणि ‘स्तुत्य’ यांत फरक असतोच. कायद्यात बसणारी पण चारचौघांत सांगायला अवघड वाटणारी कामं कुठल्या समाजात नसतात?

तळटीप

इस्लामी बाजू मांडते. ‘व्याजाला बंदी’ एवढं म्हणून भागत नाही. हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात) सहा वस्तू येतात: सोनं, चांदी, गहू, जव, खजूर, मीठ. सारख्याला सारखी, समसमान, हातोहात. दोन मापं साधी खजूर देऊन एक माप उंची खजूर घेतली तर तो रिबा, जरी बाजारभावाने सौदा अगदी बरोबर असला तरी. मग करायचं काय? साधी खजूर रोखीने विकायची आणि त्या पैशातून उंची खजूर घ्यायची. हा मार्ग हदीसमध्येच सांगितलेला आहे. शेवटी हातात तेवढीच खजूर येते, पण मध्ये बाजार येतो आणि भाव उघड होतो. तेव्हा रचना महत्त्वाची, हा विचार आजच्या बँकांनी शोधून काढलेला नाही.

आता खतावणींचे १०० आणि ११०. मुराबहा पद्धतीत ते असे होतात:

१. ग्राहक बँकेला वस्तू सांगतो आणि विकत घेण्याचं वचन देतो. हा अजून सौदा नव्हे.
२. बँक पुरवठादाराकडून ती वस्तू स्वतःसाठी १०० ला घेते. मालकी बँकेची.
३. ताबा बँकेकडे (किंवा तिच्या प्रतिनिधीकडे) येतो. या मधल्या वेळात माल जळाला तर नुकसान बँकेचं.
४. बँक खरेदी किंमत आणि नफा दोन्ही उघड सांगून ११० ला उधारीवर विकते.
५. ११० गोठले. हप्ता थकला तरी किंमत वाढत नाही. विलंबाचा दंड लावलाच तर तो दानात जातो, बँकेच्या नफ्यात नाही.

ऋणको खरोखर अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, हे २:२८० मध्ये वेगळं सांगितलं आहे, आणि कर्ज सोडून दिलं तर अधिक चांगलं असंही.

काठावरचा

म्हणजे ११० ते ११०च. कागदावर माल इकडून तिकडे फिरला, झालं पुण्य पदरात. देवाने बंदी पिळवणुकीसाठी घातली असेल तर कागद फिरवून पिळवणूक कमी होत नाही. आणि बंदी ‘देव म्हणाला म्हणून’ असेल तर पिळवणुकीच्या गोष्टी कशाला सांगता? सॉक्रेटिसाने युथिफ्रोला हेच विचारलं होतं: देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र म्हणून देवांना आवडतं? अजून कुणी सरळ उत्तर दिलेलं नाही.

तळटीप

सरळ उत्तरं दोन्ही बाजूंनी दिली गेली आहेत, पटत नसतील तर गोष्ट वेगळी. मुअतझिला पंथाचे म्हणत, भलंबुरं बुद्धीने कळतं आणि देव भल्याचीच आज्ञा देतो. अशअरी म्हणत, आज्ञेमुळेच कृती भली ठरते. नवव्या-दहाव्या शतकापासूनचा हा वाद आहे आणि दोन्हीकडचे लोक धर्मनिष्ठच होते.

कागद फिरवण्याबद्दल. ११० वेळेवर आले तर फरक दिसत नाही हे खरं. फरक बिघडलं की दिसतो. वर्षाऐवजी तीन वर्षं लागली तर साध्या कर्जात चक्रवाढीने १३३ होतात, मुराबहात ११० राहतात. ग्राहकाला विकण्याआधी माल बुडाला तर साध्या कर्जात ऋणको फेडत राहतो, इथे नुकसान बँकेचं.

पण तुमच्या शंकेला जागा आहे, आणि ती इस्लामी फकिहांनीच (धर्मशास्त्रज्ञांनीच) ठेवली आहे. ‘ईना’ म्हणजे तुला वस्तू ११० ला उधार विकली आणि लगेच १०० रोख देऊन परत घेतली. शाफई पंथ प्रत्येक करार आपापल्या जागी वैध आहे का एवढं बघतो, मनातला हेतू देवाकडे सोडतो. मालिकी आणि हनबली पंथ म्हणतात, हेतू उघड आहे, हे व्याजच. तवर्रुकमध्ये ती वस्तू रोखीने घेणारा मूळ विक्रेता नसून तिसराच कुणी असतो. त्याची बँकांनी बनवलेली आवृत्ती अशी: बँक धातू विकत घेते, ग्राहकाला उधारीवर विकते, आणि ग्राहकाच्या वतीने स्वतःच बाजारात विकून त्याला रोख देते. ग्राहकाने त्या धातूचा तुकडाही पाहिलेला नसतो. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००९ मध्ये हे ठरवून घडवलेलं तवर्रुक अमान्य केलं. तरी अनेक बँका ते वापरतात. श्रद्धा एक, ग्रंथ एक, आणि हेतू मोजायचा की नाही यावरून निकाल दोन.

मधली ओळ

वाचतोय, छान चाललंय. ज्यू परंपरेत याच अडचणीवर ‘हेतेर इस्का’ आहे, म्हणजे कर्जाला भागीदारीचं (इस्का) रूप देणारा करार. रचना तालमूदच्या (ज्यू धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथाच्या) काळातली, छापील नमुन्याचा प्रसार सोळाव्या शतकातल्या पोलंडपासून. १०० मधले ५० कर्ज (बिनव्याजी) आणि ५० गुंतवणूक. घेणारा त्या ५० चा व्यवस्थापक, म्हणून त्याला थोडी तरी मजुरी द्यावी लागते, अगदी एक नाणं का असेना. ती विसरली तर तो दुसऱ्याच्या पैशावर फुकट राबला, आणि ते राबणं हेच व्याज ठरतं. लहानसं कलम, पण सगळा डोलारा त्यावर उभा.

तोटा झाला असं घेणारा म्हणाला तर त्याने साक्षीदार आणायचे. नफा कमी झाला म्हणाला तर गंभीर शपथ घ्यायची. हे टाळायचं असेल तर ठरलेली रक्कम, आपल्या उदाहरणात १०, देऊन मोकळं व्हायचं. बहुतेक जण अर्थातच मोकळे होतात. पण तोटा सिद्ध करून गुंतवणुकीचा वाटा न देण्याचा दरवाजा कागदावर उघडा असतो. पैसा धंद्यात न जाता घरखर्चात गेला तर ‘गुंतवणूक’ कशात, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी नव्या मसुद्यांत घेणाऱ्याची सगळी मालमत्ता इस्कात धरतात.

याहून जुनं उदाहरण प्रोझबुलचं. सातव्या वर्षी कर्जं माफ (अनुवाद १५). परिणाम असा की सातवं वर्ष जवळ आलं की कुणी गरिबाला उसनं देईना, जे करू नका असं त्याच अध्यायात बजावलं होतं. हिल्लेल या ज्यू धर्मपंडिताने उपाय काढला: धनकोने कर्ज धर्मसभेच्या हवाली करायचं, कारण सभेकडची कर्जं माफ होत नाहीत. अट एक, ऋणकोकडे थोडी तरी जमीन हवी. किती थोडी? तळाला भोक असलेली एक कुंडी पुरे. भोकामुळे ती जमिनीला जोडलेली मानली जाते. ऋणकोकडे काहीच नसेल तर धनकोने आपल्या जमिनीतला कणभर भाग त्याला द्यावा.

कुणी याला पळवाट म्हणेल. पण इथे दोन आज्ञा एकमेकींना भिडल्या होत्या, माफ करा आणि हात आखडू नका. दुसरी वाचवायला पहिलीला वळसा घातला.

खतावणी

कुंडीचं भोक फार आवडलं. ख्रिस्ती बाजूचं पण कुणीतरी लिहा, कारण बंदी पूर्ण उठली असं मोठ्या परंपरांत तिथेच दिसतं.

मधली ओळ

उठली, पण एका फटक्यात नाही. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसची मांडणी अशी: घर वापरलं तरी उरतं, म्हणून भाडं वेगळं घेता येतं. वाइन प्यायली की संपते, म्हणून वाइनचा दाम आणि पिण्याचा दाम असे दोन घेणं म्हणजे जे नाहीच ते विकणं. पैसा दुसऱ्या गटातला, तो खर्चूनच वापरता येतो. ही मांडणी मान्य असेल तर गरीब-श्रीमंत हा मुद्दाच येत नाही, राजाकडून घेतलेलं व्याजही चोरीच.

मग भोकं पडली ती ‘बाहेरच्या कारणां’ची. कर्ज दिल्यामुळे प्रत्यक्ष नुकसान झालं तर भरपाई. दुसरीकडे मिळाला असता तो नफा बुडाला तर भरपाई (यावर खूप काळ वाद). मुद्दल बुडण्याची जोखीम. व्यापारी नगरांमध्ये प्रत्येकालाच ‘दुसरीकडे नफा’ मिळाला असता, त्यामुळे अपवाद हळूहळू नियमाएवढा झाला. त्रिकरार त्याच्याही पुढचा. समजा भागीदारीत साधारण १२ नफा अपेक्षित आहे. दुसऱ्या कराराने ४ सोडून मुद्दलाचा विमा घ्या, तिसऱ्याने उरलेला अनिश्चित ८ विकून निश्चित ५ घ्या. तिन्ही करार सुटे सुटे वैध, बेरीज केली की पाच टक्के व्याज. पोप सिक्स्टस पाचवा याने १५८६ मध्ये ठरीव नफ्याच्या अशा भागीदाऱ्यांचा निषेध केला.

दुसरीकडून फ्रान्सिस्कन पंथीयांनी गरिबांसाठी तारणावर कर्ज देणाऱ्या पेढ्या काढल्या, पेरुजियाची १४६२ मधली. कारभाराच्या खर्चापुरती थोडी रक्कम त्या घेत. डॉमिनिकन विद्वान तुटून पडले. अखेर १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने खर्चापुरता आकार मान्य केला. १५४५ च्या सुमारास प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनने एका पत्रात ‘पैसा पैशाला जन्म देत नाही’ हा युक्तिवादच मोडीत काढला: घरही घराला जन्म देत नाही, तरी भाडं घेताच. त्याच्या अटी मात्र कडक, गरजूकडून काही घ्यायचं नाही ही पहिली. त्याच १५४५ मध्ये इंग्लंडने १० टक्क्यांपर्यंत परवानगी दिली, १५५२ ला काढून घेतली, १५७१ ला परत आणली. दराची मर्यादा पूर्ण उठली ती १८५४ मध्ये. पोपनी १७४५ मध्ये सुद्धा निव्वळ कर्जावरचं व्याज पापच असं पुन्हा सांगितलं होतं.

खतावणी

आता माझं म्हणणं मांडतो. गरजूला पिळू नये, हे वर प्रत्येकाच्या तोंडी आहे. फरक मूल्यात कमी आणि वर्गवारीत जास्त आहे. पैसा घरासारखा की वाइनसारखा? करार सुटे बघायचे की बेरीज करून? हेतू तपासायचा की नाही? उत्तर बदललं की निकाल बदलतो, पण गरजूबद्दलचं वाक्य जिथल्या तिथे. दोन धर्मांचे लोक भांडतात तेव्हा त्यांना वाटतं समोरच्याला गरिबाची चाड नाही. प्रत्यक्षात भांडण असतं ते पैसा म्हणजे काय यावर.

अनुष्टुभ

अर्धं मान्य. वर्गवारीच्या पोतडीत सगळं कोंबू नका. शूद्राकडून पाच टक्के, ही काही पैशाच्या स्वरूपाबद्दलची समजूत नव्हे. कुणाचं हित किती मोजायचं याबद्दलचा तो निर्णय आहे. भाऊ आणि परका हेही तसंच. चौथ्या शतकातला मिलानचा बिशप अँब्रोझ तर म्हणतो की ज्याच्याशी युद्ध करणं न्याय्य, त्याच्याकडून व्याज घेणंही न्याय्य. व्याज म्हणजे शस्त्र! अक्वायनसने हे पुढे नेलं नाही, प्रत्येक माणूस भाऊच मानायला हवा असं म्हणून परक्यांची सवलत त्याने मोठं पाप टाळण्यासाठीची तडजोड ठरवली. इथे मूल्यच बदललं.

खतावणी

वर्णदराबद्दल मान्य, तो वर्गवारीत बसत नाही. भाऊ-परका बद्दल नाही. परका व्यापारी स्वतः तुमच्याकडून व्याज घेत असेल तर परस्परता म्हणूनही तो नियम वाचता येतो, आणि तसा वाचणारे आहेत.

पिंपळपान

बौद्ध बाजू राहिली. भिक्षूने स्वतः पैसा हाताळायचा नाही. पण मूलसर्वास्तिवादी पंथाच्या विनयात (भिक्षूंच्या नियमग्रंथात) संघाला मिळालेलं दान व्याजी लावायची मुभा आहे, दुप्पट किमतीचं तारण घेऊन, साक्षीदारांसह लेख करून. व्याज बुद्ध-धम्म-संघाच्या कामी. इथे कळीचा प्रश्न ‘कुणाकडून’ नसून ‘कुणासाठी’ आहे. गृहस्थाला सिगालोवाद सुत्तात सांगितलंय: मिळकतीचे चार भाग करा, एक उपभोगाला, दोन धंद्यात, एक अडीअडचणीसाठी. ऋण नसणं हे गृहस्थाच्या चार सुखांत मोजलं आहे. धनकोला दटावण्यापेक्षा ऋणको होऊ नका यावर भर. चीनमध्ये विहारांचे ‘अक्षय कोश’ (दानाचे साठे) इतके फुगले की सानजिए पंथाचा कोश तांग सम्राट श्वानझोंगने ७१३ मध्ये बंद करवला. हेतू चांगला असला तरी साठा साठाच.

काठावरचा

हे सगळं पंडितांचं झालं. सामान्य श्रद्धाळू माणूस नियम ‘देवाचा’ मानतो की ‘योग्य’ मानतो, हे तपासायची काही रीत आहे का?

मधली ओळ

आहे. मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएलची: ‘हा नियमच नसता तर असं केलेलं चाललं असतं का?’ लॅरी नुची यांनी अमेरिकेतल्या अमिश-मेनोनाइट या कर्मठ ख्रिस्ती पंथातल्या मुलांना हेच विचारलं. रविवारी काम करायला देवाने मनाई केलीच नसती तर? चाललं असतं, असं जवळजवळ सगळी म्हणाली. देवाने चोरीला मनाई केली नसती तर? तरीही चूकच, असं बहुतेक म्हणाली. एवढी धर्मनिष्ठ मुलं, आणि दोन याद्या वेगळ्या ठेवून. रिचर्ड श्वेडर यांनी मात्र भुवनेश्वरमधल्या अभ्यासात (१९८७) दाखवलं की ज्याला आपण निव्वळ रूढी म्हणू, त्यातलं बरंचसं तिथे नैतिकच मानलं जातं. त्यामुळे यादीची रेघ सगळीकडे एकाच जागी नसते.

व्याजाबद्दल विचारायचं तर प्रश्न फोडून विचारा: गरजूकडून, कंपनीकडून, सरकारी रोख्यावर, बँकेच्या ठेवीवर. ‘व्याज चूक का?’ असा एकच प्रश्न विचारलात तर सगळी उत्तरं पाठांतरातली येतात. आणि ‘का’ नंतर पर्याय देऊ नका, मोकळी जागा ठेवा.

काठावरचा

बरं, एक व्यवहारी शंका. मुराबहाचा कागद समोर आला तर तो खरा की नुसता वळसा, हे बाहेरच्याला कळेल का?

तळटीप

बऱ्यापैकी. तारखा एका ओळीत लावा: खरेदीचं वचन, प्रतिनिधी नेमल्याचं पत्र (असल्यास), पुरवठादाराचं बिल, ताबा, आणि बँकेने ग्राहकाला केलेली विक्री. क्रम हाच हवा. सर्वांत जास्त वेळा चुकतं ते बिल. ग्राहकाने माल आधीच घेतलेला असतो आणि बँकेकडे नंतर येतो. म्हणजे बँक त्याला त्याचाच माल विकतेय, आणि तो सौदा शून्य. बिल ग्राहकाच्या नावावर असेल आणि प्रतिनिधिपत्र नंतरच्या तारखेचं, तरी तेच. बिल आणि विक्रीवर एकच तारीख असेल तर वेळ बघा, मध्ये ताबा कधी आला ते विचारा. मग विम्याचं कलम: मधल्या काळातला हप्ता ग्राहकाच्या माथी मारला असेल तर जोखीम बँकेने घेतलीच नाही. शेवटी दंडाची रक्कम कुठल्या खात्यात जमा होते ते बघा. दान खातं वेगळं दाखवलेलं नसेल तर वार्षिक अहवालात शरीया मंडळाच्या टिपणात शोधा, तिथे त्याची नोंद असायला हवी.

काठावरचा

आणि माल परत पुरवठादारालाच विकला गेला तर?

तळटीप

मग पुरवठादार आणि ग्राहक यांचे पत्ते ताडून बघा. ईनाचा वास तिथेच येतो.